शांततेत पार पडलं

निवडणूक शांततेत पार पडते. विसर्जन शांततेत पार पडतं. दहावीची परीक्षा तर कॉपीसकट शांततेत पार पडते. आपल्या राज्यात बलात्काराबद्दलही हेच बोललं जाऊ शकतं, ही माहिती २०२५ च्या फेब्रुवारीत मिळाली, आणि तीही थेट गृह खात्याकडून.

पुण्यातलं स्वारगेट एसटी स्थानक, पहाटे पावणेसहाची वेळ. गावी निघालेल्या २६ वर्षांच्या एका तरुणीला एकाने ‘ताई’ म्हणून हाक मारली, तुमची गाडी इथे नाही, तिकडे लागलीय असं सांगितलं आणि उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये नेऊन बलात्कार केला, अशी तिची तक्रार. आरोपीचं काय करायचं ते न्यायालय बघेल. तरुणीचा निकाल लावायला मात्र पुण्याला दोन दिवसही लागले नाहीत. पंधरा वर्षांत ज्यांनी एसटीत पाय ठेवला नव्हता, त्यांना पहाटेच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या. कोणत्या फलाटावरून कोणती गाडी सुटते, अंधारात उभ्या असलेल्या गाडीत कुणी चढतं का, हे सोफ्यावर बसून ठरलं.

गृहराज्यमंत्री योगेश कदम स्थानकाला भेट देऊन म्हणाले की तिथे झटापट, आरडाओरडा झाला नाही, म्हणून आजूबाजूच्यांच्या लक्षात आलं नाही. टीका झाल्यावर, पोलिसांनी दिलेली माहितीच आपण सांगितली, असा खुलासा त्यांनी केला. खुलासा मान्य. वस्त्रोद्योगमंत्री संजय सावकारे म्हणाले की अशा घटना देशभर होतच असतात. कपड्यांचं खातं हाताशी असूनही त्यांनी मुलीच्या कपड्यांचा विषय काढला नाही, याबद्दल खरं तर त्यांचे आभार मानायला हवेत. मग आरोपीच्या वकिलांनी संमतीचा मुद्दा मांडला, पैशांच्या व्यवहाराच्या वावड्या उठल्या, आणि सोसायटीच्या ग्रुपवर सकाळच्या गुलाबाच्या फुलाखाली तो प्रश्न आला, जो दर वेळी येतो. ओरडली का नाही?

हा प्रश्न नवा नाही. त्याने सर्वोच्च न्यायालयाची पायरीही चढलेली आहे.

देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. आज गडचिरोलीत, तेव्हा चांदा जिल्ह्यात. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी आली होती. आईबाप नव्हते, मोलमजुरी करायची. वय डॉक्टरांच्या अंदाजाने १४ ते १६. तिचं प्रेमप्रकरण होतं, म्हणून भावानेच तक्रार दिली होती. जबाब झाले, साडेदहाच्या सुमाराला मंडळी निघाली. बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि तिला थांबवून घेतलं. ठाण्यात हेड कॉन्स्टेबल तुकाराम आणि कॉन्स्टेबल गणपत. नावं ठेवताना दोघांच्या आईबापांनी किती आशा धरल्या असतील!

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडलं. मुलगी धक्कादायक खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधाची सवय आहे, असं त्या न्यायालयाचं मत पडलं. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये ते फिरवलं. पोलीस ठाण्यात, रात्री, वर्दीतल्या माणसासमोर हतबल होऊन गप्प राहणं ही संमती नव्हे, एवढी साधी गोष्ट त्या न्यायमूर्तींना कळली. गणपतला पाच वर्षं, तुकारामला एक वर्ष. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना सोडलं. कारण? अंगावर जखमा नाहीत. जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, आणि प्रतिकार नाही म्हणजे जे झालं ते शांततेत झालं. हे शेवटचं मी तिरकसपणे म्हणत नाही. निकालपत्रात खरोखरच या अर्थाचा शब्दप्रयोग आहे.

पण त्या निकालात याहून मजेदार जागा आहे. मुलगी म्हणत होती की ती ओरडली. न्यायालय म्हणालं, ओरडणं हा तिने रचलेला बनाव आहे. म्हणजे बघा, ओरडली नाही तर संमती, आणि ओरडले म्हणाली तर थाप. एवढं सोयीचं माप वाण्याच्या दुकानातसुद्धा सापडायचं नाही.

वर्षभराने, १९७९ च्या सप्टेंबरात, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, आणि आपल्या पुण्याचे वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. पत्राची भाषा सभ्य होती, पण वाचताना कान लाल व्हावेत अशी. ते देशभर फिरलं. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्चला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, असं ठरलं. पीडितेची ओळख छापणं गुन्हा झाला. हे सगळं त्या मुलीमुळे. ती त्यानंतरही मोलमजुरीच करत होती.

कायद्याच्या पुस्तकात हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असा नोंदलेला आहे. पण तुकाराम म्हणून त्याला कुणी ओळखत नाही. वकील, प्राध्यापक, चळवळीतले कार्यकर्ते, सगळे तो मुलीच्या नावाने ओळखतात. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला ते माहीत असेलच, आणि मुद्दा तोच आहे.

बरं, जुनं सोडून देऊ. २०१३ मध्ये कायद्यात आणखी एक स्पष्टीकरण आलं. बाईने अंगबळाने प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणाने तिची संमती होती असं मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही कलम ६३ मध्ये ते वाक्य तसंच आहे. म्हणजे स्वारगेटच्या वेळी त्या नव्या कोऱ्या कायद्याला आठ महिने होत आले होते. गृह खात्यात एखादी प्रत असेलच. नसली तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळते, सवलतीतही देतात.

आता ओरडण्याकडे येऊ, कारण हा विषय आमच्या घरोघरीचा आहे.

मराठी घरात मुलगी बोलायला लागली की तिच्या आवाजाचं बटण कुणाच्या तरी हातात असतं. हळू बोल, शेजारी ऐकतील. एवढ्याने खिदळू नये. बाहेरची माणसं आलीयत, आत जा. आजोबांसमोर आवाज चढवतेस? मुलीच्या जातीला हे शोभत नाही. बसमध्ये कुणी खेटलं तर? तू पुढे सरक. क्लासला जाताना कुणी मागे येतो? रस्ता बदल. दूरच्या नात्यातला कुणी जास्तच लाडाने जवळ घेतो? तसं काही नसतं गं, मोठे आहेत ते, आणि हे बाबांना सांगू नकोस, उगाच भांडणं होतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. अब्रू म्हणजे काचेचं भांडं. पंचवीस वर्षं अशी शिकवणी चालते, एकही रविवार न बुडवता. आणि मग एका पहाटे, अंधाऱ्या गाडीत, अंगावर आलेल्या माणसासमोर तिने अचानक खणखणीत आवाज काढावा, फलाटापर्यंत ऐकू जाईल असा, ही अपेक्षा!

बोंब मारायचा हक्क आपल्याकडे वर्षातून एकदा शिमग्याला मिळतो, आणि तोही पुरुषांना.

भीतीने माणसाची वाचा बसते, हातपाय गळतात, हे कुत्रा अंगावर आलेल्या कुणालाही माहीत आहे. अंगावर येणारा माणूस असला की मात्र बाईच्या घशात लाउडस्पीकर बसवलेला असतो, असं आपलं शरीरशास्त्र सांगतं.

आणि ओरडणं ही फक्त पहिली परीक्षा. पुढचे पेपर बाकी असतात. जून २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका जामीन आदेशात म्हटलं की अत्याचारानंतर थकून झोप लागली हे त्या बाईचं म्हणणं भारतीय स्त्रीला शोभणारं नाही. नंतर ते वाक्य काढलं. गोव्यात २०२१ च्या मे महिन्यात म्हापशाच्या सत्र न्यायालयाने संपादक तरुण तेजपाल यांना बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सोडलं. ते दोषी की निर्दोष हा माझा विषय नाही, सरकारने त्यावर अपील केलं. माझा विषय आहे ते पाचशेहून जास्त पानांचं निकालपत्र. त्यात घटनेनंतरच्या दिवसांतल्या तक्रारदार तरुणीच्या फोटोंचा अभ्यास आहे. फोटोत ती हसताना दिसते, चांगल्या मूडमध्ये दिसते, आणि अत्याचार झालेली बाई अशी दिसत नाही, असा सूर आहे. उलटतपासणी तिचीच, चिकित्सा तिचीच. शिवाय तिची ओळख पटेल असा तपशील निकालातच राहून गेला होता, तो झाकायला उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. २०२२ मध्ये कोळिकोडच्या न्यायालयाला तक्रारदार बाईचे कपडे उत्तेजक वाटले. तिथेही उच्च न्यायालयाने शेरे पुसले. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने जामीन देताना लिहिलं की तिने स्वतःच संकट ओढवून घेतलं. त्यावर पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले.

म्हणजे आदर्श पीडितेची नियमावली साधारण अशी दिसते. तिने ओरडावं, पण ते कुणी तरी ऐकलेलं असावं. जखमा असाव्यात, त्याही दाखवता येतील अशा ठिकाणी. झोपू नये. हसू नये, फोटो काढू नये. पोलिसांत ताबडतोब जावं, पण फार ताबडतोब गेली तर ‘तयारीनिशी आली’ असं वाटू शकतं. रडावं जरूर, मात्र मोजकंच, कारण फार रडली तर नाटक. या नियमांत बसणारी बाई मला एकच दिसते, आणि ती जिवंत नसते. २०१२ मध्ये दिल्लीत सामूहिक बलात्कारानंतर मरण पावलेल्या मुलीसाठी देशाने मेणबत्त्या लावल्या, पण तिलासुद्धा आपण सोडलं नाही. २०१४ च्या जानेवारीत नागपूरला आशा मिरगे यांनी विचारलं की रात्री सिनेमा पाहायला जायची काय गरज होती? आणि मुंबईत सामूहिक बलात्कार झालेली मुलगी शक्ती मिलसारख्या निर्जन जागी गेलीच कशाला? या बाई तेव्हा राज्य महिला आयोगाच्या सदस्य होत्या. नंतर त्यांनी माफी मागितली. शक्ती मिलमध्ये गेलेली मुलगी छायाचित्रकार पत्रकार होती, संध्याकाळी, सहकाऱ्यासोबत, नेमून दिलेल्या कामावर गेली होती. कामावर जाणं हे कारण आयोगाच्या या सदस्याला पुरेसं वाटलं नाही.

शक्ती मिलची एक गोष्ट मात्र लोक विसरतात. २२ ऑगस्ट २०१३ ला त्या मुलीने तक्रार दिली, ती वर्तमानपत्रांत आली, आणि ते बघून आणखी एक मुलगी पुढे आली. टेलिफोन ऑपरेटर, वय १८. तिच्यावर त्याच मिलमध्ये जुलैच्या ३१ तारखेला अत्याचार झाला होता. आरोपींपैकी तिघे तेच. तोवर ती गप्प होती. का गप्प होती, हे विचारणाऱ्यांनी जरा स्वतःच्या सोसायटीचा ग्रुप उघडून बघावा. दोन घटनांमधल्या तीन आठवड्यांत त्या माणसांना एवढं कळलं की इथे आणलेली मुलगी पोलिसांत जात नाही. हा आत्मविश्वास त्यांना मिलच्या पडक्या भिंतींनी दिलेला नव्हता.

उपदेश करणाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्यातल्या शिरोमणीला कसं विसरू? दिल्लीच्या घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये, आसाराम बापू म्हणाले की टाळी एका हाताने वाजत नाही. मुलीने हल्लेखोरांपैकी कुणाला तरी भाऊ म्हणून हाक मारायला हवी होती, हात जोडायला हवे होते, मग हे घडलं नसतं. भक्तांनी मान डोलावली. त्याच वर्षी ऑगस्टच्या १५ तारखेच्या रात्री जोधपूरजवळच्या आश्रमात त्यांनी एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार केला. एप्रिल २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. मुलीचं कुटुंब त्यांचं भक्त होतं. ती त्यांना भाऊ म्हणत नव्हती, बापू म्हणत होती.

स्वारगेटला तर नातं त्यानेच जोडलं होतं. ताई.

कपड्यांच्या तज्ज्ञांवर मी जास्त जागा घालवणार नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला ज्या चिमुरड्यांवर अत्याचार झाला, त्यांच्या अंगावर शाळेचा गणवेश होता. तज्ज्ञ त्या आठवड्यात रजेवर गेले. पालकांना मात्र तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं, आणि लोक रेल्वेच्या रुळांवर बसले तेव्हा कुठे शासनाला जाग आली.

वेळेच्या तज्ज्ञांना एक आकडा सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात दर वर्षी एक तक्ता असतो, आरोपी ओळखीचा होता का याचा. बहुतेक वर्षी शंभरातल्या नव्वदांहून जास्त प्रकरणांत तो ओळखीचा निघतो. मित्र, शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचं वचन देणारा. सातच्या आत घरात, हा सल्ला देणाऱ्यांनी हा तक्ता बघितला तर त्यांना मुलींना घराबाहेरच थांबायला सांगावं लागेल. नको, फार गोंधळ होईल. तक्ता न बघितलेलाच बरा.

‘पण खोट्या केसेसही असतात हो!’ असतात. खोटे चेक असतात, खोटी मृत्युपत्रं असतात, शिधापत्रिका तर केवढ्या खोट्या असतात. त्यांचा तपास होतो. पण चेक वटवायला गेलेल्या माणसाला बँकेत कुणी पहिला प्रश्न असा विचारत नाही की तुमचं पूर्वी किती बँकांत खातं होतं. बाईला हे विचारायची सोय कायद्यातच होती. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १५५ च्या चौथ्या उपकलमाने बलात्काराच्या आरोपीला मुभा दिली होती की फिर्यादी बाई एकंदरीत अनैतिक वर्तनाची आहे असं दाखवावं. ते काढलं २००२ च्या दुरुस्तीने. एकशे तीस वर्षं. इंग्रज गेले, संस्थानं गेली, गिरण्या गेल्या, ते उपकलम टिकून होतं.

कागदावरून गेलं तरी बोटांतून जायला आणखी वेळ लागला. बाईला ‘सवय’ आहे का हे दोन बोटं घालून ठरवायची वैद्यकीय चाचणी आपल्या इस्पितळांत बिनबोभाट चालू होती. तिच्यात विज्ञान काही नाही, हे सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी अहवाल लिहून मांडलं, ते प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी बाईच्या प्रतिष्ठेवर घाला आहे असं सांगितलं. तरी ती चालूच. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं, या वेळी दम देऊन, की जो डॉक्टर ही चाचणी करेल तो गैरवर्तणुकीला जबाबदार राहील. दरम्यान २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने कौमार्याच्या लक्षणांचा धडा अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. तोवर डॉक्टर होणारी मुलंमुली तो पाठ करून मार्क मिळवत होती. ‘सवय’ हा शब्द १९७४ च्या निकालात कुठून आला असेल, याचा शोध घ्यायला फार लांब जावं लागत नाही.

हल्ली प्रत्येक मोठ्या घटनेनंतर काही तरी करायचं म्हणून शाळांमध्ये मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरं लागतात. बॅनर लागतो, बॅनरवर नगरसेवक असतो, त्याच्या खाली लहान अक्षरांत मुली असतात. कराटेचे सर येतात. कोपर कसं मारायचं, अंगठा कुठे दाबायचा, पर्समध्ये मिरचीची पूड कुठल्या कप्प्यात ठेवायची. प्रमुख पाहुणे झाशीच्या राणीचं नाव घेतात. शेवटी सर सांगतात की सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोरात ओरडायचं, आणि मुली सभागृहात ओरडून दाखवतात, पहिल्यांदा लाजत, मग जरा मोकळ्या होऊन.

त्याच वर्गातल्या मुलांना या तासाला काम नसतं. त्यांना मैदानावर क्रिकेट खेळायला सोडतात.